जरा गप्प बसा, आवाज घेतोय!

माणसाला काहीतरी जमवायचा नाद असावा, असं म्हणतात. कोणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रं, कोणी जुनी नाणी. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कना दुसऱ्यांच्या चुका जमवायचा नाद होता, आणि त्यांच्याइतका मोठा संग्रह सबंध मुंबईत कोणाकडे नसेल. या मंडळींचं एक बरं असतं. पाहुणा आला की आल्बम पुढे सरकवता येतो. पाहुणा चार पानं उलटतो, "वा वा" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. माझ्या नादात तशी सोय नाही. मी आवाज जमवतो.

"म्हणजे गाण्यांच्या रेकॉर्डी?" असं समोरचा विचारतो.

"नाही हो. आवाज. कडी लावल्याचा, स्टोव्हला पंप मारल्याचा, सुपात तांदूळ पाखडल्याचा."

यावर समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग आमच्या हिच्याकडे. माझ्याकडे बघताना त्याच्या नजरेत काळजी असते, हिच्याकडे बघताना सहानुभूती. ही शांतपणे सांगते, "तसे बाकी बरे आहेत हो."

या नादाचं मूळ आमच्या रेडिओत आहे. परळला एका गिरणीच्या पाठभिंतीला लागून आमची चाळ होती. दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली, खोलीत भिंतीला ठोकलेली फळी, फळीवर रेडिओ आणि रेडिओवर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण. त्या काळी रेडिओसाठी पोस्टातून लायसन्स काढावं लागे. घरात बंदूक आणि रेडिओ या वस्तू सरकारला सांगूनच ठेवायच्या! रेडिओ वॉल्व्हचा असल्यामुळे बटण फिरवल्याबरोबर बोलायचा नाही. आधी त्याचा हिरवा डोळा सावकाश उघडायचा, मग घसा खाकरल्यासारखं व्हायचं, आणि मग एकदम एखादं वाक्य मधूनच सुरू व्हायचं. थेट आमच्या बाबांसारखं.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे जिथे कापड विणलं जातं ते खातं. तिथे शेकडो साचे एकाच वेळी खडखडत असतात. त्या कल्लोळात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून एकमेकांचं बोलणं ओळखतात. तिथे पंचवीस वर्षं काढल्यावर बाबांचे कान अर्ध्यावर आले होते. मोठ्यानं बोललेलं कळायचं, पण बारीकसारीक आवाज त्यांच्यापुरते जगातून रद्द झाले होते. त्यामुळे आमचा रेडिओ चाळीत सर्वांत मोठ्यानं लागायचा. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या बिऱ्हाडांनी स्वतःचा रेडिओ बरीच वर्षं घेतला नाही, तो केवळ याच कारणानं. गरजच नव्हती.

आमच्याकडे गाण्यांपेक्षा नाटकाला मान. श्रुतिका म्हणा, नभोनाट्य म्हणा. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागलं की बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी आमच्या खोलीतच पाटावर येऊन बसल्यासारखे वाटायचे. टेकाडेभावजींना तर आई मनातल्या मनात चहासुद्धा टाकत असावी. १९५७ साली विविध भारती आली आणि तिच्यावर 'हवामहल' लागायला लागलं. हिंदी आम्हाला सिनेमापुरतं यायचं, पण नाटकात दार वाजलं की ते मराठीतही दारच असतं.

बाबांना संवाद ऐकू यायचे. पंचाईत व्हायची ती संवादांच्या मधल्या जागांत. पावलं, कडी, कपबशी, पाऊस, म्हणजे नाटकवाल्यांनी जीव ओतून केलेली सगळी कलाकुसर, बाबांपर्यंत पोचतच नसे. रेडिओ अचानक गप्प झालाय, एवढंच त्यांना कळे. मग ते विचारायचे, "काय झालं?"

आणि आई, हातातलं तांदूळ निवडणं न थांबवता, सांगायची, "जिना चढतंय कोणीतरी."

"कोण?"

"अजून दार नाही वाजलं. हां, वाजलं. कडी काढली तिनं. पाऊस लागलाय हो बाहेर. भिजलाय वाटतं तो."

आता रेडिओवर माणूस भिजल्याचा आवाज कुठे असतो? पण आईला तो ऐकू यायचा. खून झाला की ती नुसतं "गेला" एवढंच म्हणायची. कोण गेला ते पुढच्या संवादात कळे. मी रेडिओच्या जाळीला कान लावून बसलेला असायचो. ऐन वेळी, म्हणजे दाराची बिजागरी करकरत असताना, मागून आईचं धावतं समालोचन सुरू झालं की मी खेकसायचो, "आई, गप्प बस ना! आवाज ऐकू दे."

आई गप्प बसायची. आणि अर्ध्या मिनिटानं हलकेच बाबांकडे वाकून म्हणायची, "कुत्रं भुंकतंय."

त्या कुत्र्याची आणि माझी पुढे चांगली ओळख झाली. नभोनाट्यांत एकच कुत्रं आहे, हे मी चौथीत असतानाच ताडलं होतं. ते तीनदा भुंकायचं, थांबायचं आणि मग एकदा दुरून भुंकायचं. ऐतिहासिक नाटकात तेच, कोकणातल्या भुताच्या नाटकात तेच, आणि कुलाब्याच्या श्रीमंत बंगल्यातही तेच. नाटकांतली मोटारही एकच होती आणि तिचा ड्रायव्हर अडाणी असावा, कारण गाडी कधी साधी थांबलीच नाही, नेहमी करकचून थांबली. रातकिडे म्हणजे रात्र, कोंबडा म्हणजे सकाळ, कपबशी म्हणजे मध्यमवर्ग आणि सतार म्हणजे विधवा, असा सगळा हिशेब ठरलेला. पात्रंही मोठी सोशिक. समोरच्याच्या हातात काय आहे ते आपल्याला दिसत नाही म्हणून बिचारी मरताना आवर्जून सांगायची, "अरे, हे काय? तुझ्या हातात पिस्तूल!" प्रत्यक्षात माणूस एवढं वाक्य बोलत बसण्यापेक्षा पळाला नसता का?

पुढे नोकरीला लागल्यावर आमच्या खात्यातल्या एकाला नभोनाट्यात 'दुसरा हवालदार' मिळाला. त्याचा वशिला लावून मी चर्चगेटला आकाशवाणीत शिरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओ पाहिला. नायक, नायिका आणि दोन्ही हवालदार हातात कागद धरून माईकपुढे उभे होते. पण माझं लक्ष गेलं ते कोपऱ्यात. तिथे एक दार उभं होतं. नुसतं दार. मागे खोली नाही, पुढे ओटा नाही. चौकट, कडी, कोयंडा आणि कुलूप. बाजूला खडीनं भरलेला ट्रे, तीनच पायऱ्यांचा जिना, पाण्याची बादली, करवंट्या. या संसाराचे यजमान म्हणजे एक टक्कल पडलेले किरकोळ गृहस्थ.

नायिका अंगणातून पळत सुटली. म्हणजे ती जागची हलली नाही. तिची पैंजणं हातात धरून हे गृहस्थ खडीच्या ट्रेजवळ उकिडवे बसून पळत होते. पुढे नायिकेनं विहिरीत उडी घेतली ती त्यांच्याच बादलीत. मी घरी आलो आणि चाळीचा जिना चढायला लागलो, तर माझी स्वतःची पावलं मला खोटी वाटायला लागली. त्या टकल्या गृहस्थांनी माझा जिना जास्त चांगला चढला असता.

निघताना मी त्यांना विचारलं होतं, "खरे आवाज का नाही वापरत?"

ते म्हणाले, "साहेब, खरा आवाज माईकला कळत नाही. त्याला समजावून सांगावा लागतो."

मग मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. तेव्हा कळलं की ही लबाडी जगभर चालते आणि आपल्यापेक्षा साहेब लोक त्यात जास्त मुरलेले आहेत. लंडनला बीबीसीनं १५ जानेवारी १९२४ रोजी रिचर्ड ह्यूजचं 'डेंजर' हे नाटक प्रक्षेपित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेलं तिथलं ते पहिलं नाटक. माणसं कोळशाच्या खाणीत आहेत आणि दिवे गेलेले आहेत. वा रे पठ्ठ्या! रेडिओवर काही दिसत नाही, ही सगळ्यांची तक्रार. यानं पात्रांनाच अंधारात नेऊन बसवलं आणि तक्रारीचं मूळच कापून टाकलं.

अमेरिकेतले लोक आणखी पुढचे. त्यांच्या 'लाइट्स आउट' नावाच्या भयमालिकेत एका भागात माणसाची आतली बाजू बाहेर होते. आता याचा आवाज कुठून आणायचा? त्यांनी एक ओला रबरी हातमोजा उलटा केला आणि त्याच वेळी फळांची एक छोटी परडी चुरडली. मोज्यानं कातडीचं काम केलं, परडीनं हाडांचं. ३० ऑक्टोबर १९३८ला ऑर्सन वेल्सनं मंगळावरची माणसं न्यू जर्सीत उतरवली, तेव्हा त्यांच्या यानाचं झाकण उघडल्याचा आवाज म्हणे एका बरणीचं झाकण संडासात बसून सावकाश फिरवून काढला होता. संडासात का, तर तिथे आवाज चांगला घुमतो. हे वाचून मला आमच्या चाळीतल्या पहाटेच्या गायकांचा सगळा उलगडा झाला.

इंग्लंडात 'द आर्चर्स' ही शेतकरी कुटुंबाची मालिका १९५१पासून देशभर ऐकू येते आहे आणि अजून संपलेली नाही. तिच्यातलं शेताचं फाटक म्हणजे कपड्यांना इस्त्री करायची जुनी घडीची फळी. कोकराचा जन्म होतो तो दह्यात. आणि 'फिबर मॅगी अँड मॉली' या अमेरिकन मालिकेत एक कपाट होतं. १९४०पासून पुढे कित्येक वर्षं नवरा ते विसरून उघडायचा आणि आतलं सगळं सामान गडगडत अंगावर कोसळायचं. सगळं शांत झालं की शेवटी एक छोटी घंटा किणकिणायची. सबंध अमेरिका त्या घंटेची वाट बघत बसायची. हे मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर ही म्हणाली, "त्यात काय एवढं? आपला माळा उघडा. घंटासुद्धा आहे, तुमच्या आईंच्या देवाची."

१९७९ साली माझ्या मेव्हण्यानं दुबईहून टू-इन-वन आणला. म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकात. त्या काळी दुबईहून टू-इन-वन आणणारा मेव्हणा म्हणजे घराण्याचं भूषण. सगळ्यांनी त्यावर गाणी भरून घेतली. मी पहिल्या दिवशी भरली ती आमच्या दाराची कडी.

ही म्हणाली, "कडी?"

मी तिला सांगितलं की जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलानं १८८९ साली वडिलांनी आणून दिलेल्या फोनोग्राफवर पाळलेल्या शामा पक्ष्याचं गाणं भरून घेतलं. पक्ष्याच्या गाण्याचं हे सर्वांत जुनं मुद्रण, आणि शामा हा आपल्या सह्याद्रीतसुद्धा असणारा पक्षी. पुढे हाच मुलगा बीबीसीवर पक्ष्यांच्या आवाजांसाठी प्रसिद्ध झाला.

"तो आठ वर्षांचा होता," ही म्हणाली. "तुम्ही छत्तीस आहात."

पण मी हटलो नाही. कल्हईवाल्याचा भाता, पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार, सुरीला धार लावणाऱ्याचं चाक, वरवंट्याची घरघर, नळाला पाणी यायच्या आधीची ती नळाची उचकी, असं एकेक मी कॅसेटीत घालायला लागलो. प्रत्येक कॅसेटवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. आवाज शुद्ध पाहिजे, हा माझा आग्रह. शुद्ध म्हणजे त्यात माणूस नको. मी रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी हात वर करून ओरडायचो, "जरा गप्प बसा, आवाज घेतोय!" की सगळं घर पुतळ्यासारखं उभं. मुलीनं शिंक दाबायची, बाबांनी खोकला गिळायचा, हिनं उकळता चहा गाळायचा नाही. समोरच्या खोलीतले मास्तर तर त्या काळात आमच्याकडे येताना आधी दाराबाहेरून खुणा करून विचारायचे, "चालू आहे का?"

घरात एकच माणूस ऐकत नसे. आई. तिला अनेक वर्षांची सवय. आवाज झाला की तो काय आहे ते सांगायचं. मी पिंजाऱ्याचा आवाज घेत असताना ती बाबांना सांगणार, "पिंजारी आलाय." मी जिन्यावरची पावलं घ्यायला बसलो की, "दूधवाला असेल हो." कॅसेट फुकट. कॅसेटी तेव्हा स्वस्त नव्हत्या. अशा बिघडलेल्या कॅसेटवर मी 'खराब' अशी चिठ्ठी लावायचो आणि पुढच्या आठवड्यात तिच्यावर दुसरा आवाज भरायचो.

जुलै महिन्यात मी चाळीच्या पत्र्यावरचा पाऊस घेतला. अर्धा तास. स्वतः छत्री घेऊन गॅलरीत उभा राहून. पुढच्या रविवारी मजल्यावरची सगळी मंडळी जमवून ऐकवला आणि विचारलं, "ओळखा."

दोन नंबरच्या वहिनी म्हणाल्या, "भजी. कांद्याची."

मास्तर म्हणाले, "बटाट्याची असावीत. तेल जरा जास्त तापलंय."

माझ्या संग्रहाची ही पहिली जाहीर बैठक. मी दुसरी कॅसेट लावली. तिच्यात आईनं तळलेली भजी होती. वहिनी ताडकन उठल्या आणि गॅलरीतले कपडे काढायला धावल्या.

तेव्हा मला त्या टकल्या गृहस्थांचं बोलणं पटलं. आवाज कानाला नुसता पोचतो. तो काय आहे ते कोणीतरी सांगावं लागतं. नाटकात ते काम संवाद करतो, संवाद नसला तर ऐकणाऱ्याचं मन करतं. आमच्या घरात ते काम आई करत होती आणि मी तिला गप्प बसवत होतो. पण हे शेवटचं वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी वहिनींवर रागावलो होतो.

आता भोंग्याबद्दल सांगितलं पाहिजे. कॅनडातले संगीतकार मरे शेफर यांनी १९७७च्या आपल्या पुस्तकात म्हटलंय की गावाला जशी डोळ्यांनी ओळखायची खूण असते, एखादा डोंगर किंवा देऊळ, तशी कानांनी ओळखायचीही खूण असते. आमच्या परळ-लालबागची ती खूण म्हणजे गिरणीचा भोंगा. आमच्या पाठभिंतीमागचा भोंगा पहिल्या पाळीआधी व्हायचा, आणि मग पाळ्यांप्रमाणे दिवसभर. आई भात टाकायची ती भोंग्यावर, मुलं शाळेला सुटायची ती भोंग्यावर. घड्याळ बंद पडलं तर भोंग्यावरून लावायचं. भोंगा चुकला असेल अशी शंका कोणाला आली नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, जगातला हा एकच आवाज बाबांना आईनं सांगावा लागत नसे. भिंतच थरथरायची. बाबा निवृत्त झाले होते, तरी पहाटेच्या भोंग्याला उठायचे, चूळ भरायचे आणि आईनं दिलेला चहा घेऊन गॅलरीत उभे राहायचे. खाली पहिल्या पाळीची माणसं जात असायची.

तो भोंगा मी भरून घेतला नाही. टू-इन-वन दोन वर्षं घरात होता. पण भोंगा काय, रोजचाच. दिवसातून इतक्या वेळा होतो, कधीही घेऊ. कल्हईवाला महिन्यातून एकदा येतो, त्याची घाई. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आठ-पंधरा दिवसांत मिटेल, असं चाळीत सगळे म्हणत होते. मीही म्हणालो, मिटला की पहिला भोंगा घेऊ. चांगला ऐतिहासिक होईल. कॅसेटसुद्धा नवी आणून ठेवली.

ती कॅसेट कोरीच राहिली. काही गिरण्या पुढे अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, आमच्या मागची झाली नाही.

पहिल्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. जागे होते, पण पडून राहिले. सात वाजत आले. ही चहाचं आधण ठेवून बसलेली. मी दाढी करत होतो. तेव्हा आई त्यांच्या उशाशी गेली आणि वाकून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "अहो, भोंगा झाला. उठा."

बाबा उठले. चूळ भरली, चहा घेतला, गॅलरीत गेले. संप आहे हे त्यांना ठाऊक होतं. दिवसभर चाळीत दुसरं बोलणंच नव्हतं. खाली रस्त्यावर कोणी नव्हतं, तेही त्यांना दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशीही ते पडून राहिले आणि आईनं भोंगा केला. तिसऱ्या दिवशीही. बाबा होते तोवर, म्हणजे आणखी दोन वर्षं, आमच्या घरात भोंगा रोज वेळेवर झाला. चाळीत एकाच खोलीत झाला. त्या टकल्या गृहस्थांकडे करवंट्या होत्या, बादली होती. आईकडे काहीच नव्हतं.

हाही आवाज मी घेतला नाही. पहाटे साडेसहाला कोण मशीन लावणार?

१९८६ साली आई गेली. दिवसवार झाल्यावर मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातल्या सगळ्या कॅसेटी काढल्या. सदतीस होत्या. एकेक लावली. कडी, भाता, धनुकली, वरवंटा, नळ. सगळे आवाज शुद्ध. माणूस म्हणून कुठे नाही. इतकी वर्षं मी घराला गप्प बसवलं होतं आणि घर माझं ऐकून चोख गप्प बसलं होतं. वरवंट्याची घरघर होती, वाटणारी बाई नव्हती.

छत्तीस झाल्यावर एक उरली. तिच्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी: 'भजी (खराब)'. वहिनींनी कपडे काढले ती भजी वेगळी. ही त्याच्या आदल्या दिवशीची, बिघडलेली. ही माझ्या हातून पुसली कशी गेली नाही, तर त्याला कारण आमची मुलगी. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मुलीनं त्या काढून भातुकलीत विळी-पावशी म्हणून लावल्या होत्या. मी पुढच्या रविवारी त्या कॅसेटवर सुरीवाल्याचं चाक भरायला गेलो, तर बटण खाली जाईना. पोरीला रागावलो, रडवलं. भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, ही युक्ती मला तेव्हा माहीत नव्हती. आयुष्यात माझं अज्ञान माझ्या कामाला आलं ते एवढ्या एकाच वेळी.

मी कॅसेट लावली. आधी तेल तडतडलं. मग माझा आवाज: "जरा गप्प बसा, आवाज घेतोय!" मग झारा कढईला लागला. आणि मग आई: "घे हो, घे. मी बोलत नाहीये." थोडा वेळ नुसतं तळण. मग पुन्हा: "अहो, तो भज्यांचा आवाज घेतोय. मी नाही बोलत." मग बाबांचं "काय?" आणि आईचं, जरा मोठ्यानं, "भज्यांचा! आवाज!" आणि शेवटी माझा वैतागलेला खट्ट.

एवढंच. मिनिटभरसुद्धा नाही. आणि तळणाचा आवाज रेकॉर्डवर पावसासारखा लागतो, हे मी मघाशी सांगितलंच. त्यामुळे ऐकताना वाटतं, आई कुठेतरी धो धो पावसात उभी आहे, आणि आपण बोलत नाही आहोत, असं सगळ्यांना बजावून सांगते आहे.

आता टू-इन-वन गेला, चाळ गेली, आम्ही उपनगरात आलो. मुंबईच्या दमट हवेनं बऱ्याच कॅसेटींना बुरशी धरली. त्या एका कॅसेटची मुलीनं संगणकावर नक्कल करून घेतली, त्या खिट्ट्यांची भरपाई म्हणून. बीबीसीनं २०१८ साली आपल्या संग्रहातले १६ हजारांवर आवाज लोकांसाठी खुले केले, तेही तिनंच दाखवलं. मी दोन दिवस ऐकत बसलो होतो. दारं, घोडे, आगगाड्या, पाऊस, सगळं उत्तम. पण पाऊस कोणता आणि भजी कोणती, ते सांगणारं जवळ कोणीतरी पाहिजे.

नातीला माझे जुने आवाज ओळखता येत नाहीत. स्टोव्हचा पंप ऐकून तिनं "सायकलमध्ये हवा भरतायत" असं सांगितलं; फोनची तबकडी ऐकून "उंदीर". मी आता तिच्या आईच्या फोनवर आवाज घेतो. सोय फार चांगली. कॅसेट नाही, खिट्टी नाही. परवा पाऊस लागला म्हणून हिनं भजी काढली. मी फोन घेऊन ओट्याशी गेलो. ही जुनी, मुरलेली. तिनं झारा हातात धरून श्वास रोखला. नात बडबडत आत आली, तशी हिनं तिला डोळ्यांनी दटावलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "बोला, बोला. काहीतरी बोला."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. तेल तडतडत होतं.

मग ही म्हणाली, "चाळीस वर्षं गप्प बसा, गप्प बसा, आणि आता म्हणे बोला. बोलायचं तरी काय? कांदा संपलाय, एवढंच आहे माझ्याकडे. आणा जा खाली जाऊन."

एकदम स्वच्छ आलाय आवाज. चिठ्ठी लावायची सोय फोनवर नाही. असती तर मी लिहिलं असतं: 'भजी (चांगली)'.